भारतात येताय? बॅगेत काय भरायचं आणि काय इथेच घ्यायचं

भारतात यायचं ठरलं की परदेशातल्या घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सगळं इथूनच भरून नेऊ, तिथे गेल्यावर शोधाशोध नको. दुसरा म्हणतो, अर्ध्या रिकाम्या बॅगा नेऊ, तिथे सगळं मिळतं. माझं मत विचाराल तर उन्हाळी कपड्यांपुरता दुसरा पक्ष बरोबर, आणि पायातलं व औषधं यांच्यापुरता पहिला. बाकीचं सगळं तुम्ही कुठे आणि कोणत्या महिन्यात जाणार यावर.

आधी महिना, मग कपडे

जुलैचंच बघा. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिमीहून जास्त पाऊस पडतो, जैसलमेरला अख्ख्या वर्षात २०० मिमीच्या आसपास. त्याच महिन्यात लेहमध्ये, ३,५०० मीटर उंचीवर, दुपारी ऊन भाजतं आणि रात्री स्वेटर लागतो. चेन्नईचा मोठा पाऊस तर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. म्हणजे ‘दिवाळीनंतर जातोय, छत्री कशाला’ हे पुण्याला चालतं, चेन्नईला नाही.

हिवाळ्याबद्दल मात्र परदेशातून येणाऱ्यांचा हमखास गैरसमज असतो. कॅनडात उणे वीसमध्ये राहणारा माणूस दिल्लीच्या सात-आठ अंशांना काय घाबरणार! पण तिकडची थंडी दाराबाहेर राहते. दिल्लीत, जयपुरात, लखनौत बहुतेक घरांना हीटिंग नसतं. फरशी गार, गादी गार, बाथरूमचा नळ तर बर्फच. जानेवारीत तिथे माणूस घरातही शाल पांघरून बसतो. म्हणून उत्तरेत जाणार असाल तर एक जाडजूड जॅकेट आणण्यापेक्षा थर्मलचे दोन जोड, लोकरी मोजे आणि घरात घालायचा एक स्वेटर आणा. जॅकेट दिवसा अकरानंतर काखोटीलाच राहतं. मुंबई, गोवा, केरळ एवढंच करणार असाल तर जॅकेट घरीच ठेवा. एसी डब्यात रेल्वे ब्लँकेट आणि चादरी देते. स्लीपरमध्ये मात्र आपली चादर आपण न्यायची. पुण्या-नाशिकचा हिवाळा उत्तर आणि मुंबई या दोन्हींच्या मधला: पहाटे स्वेटर, दुपारी हाफ शर्ट.

सुती की चटकन वाळणारं

‘भारतात गरम होतं, सुती घाला’ हा सल्ला सगळेच देतात आणि तो अर्धाच खरा आहे. राजस्थानात, विदर्भात, मार्च ते मे, सुती आणि खादीला तोड नाही. सैल कुर्ता घाम शोषतो, वाऱ्याला वाट देतो आणि रात्री धुतलेला सकाळी खडखडीत वाळतो. पण हाच कुर्ता जुलैत रत्नागिरीत दोन-दोन दिवस दोरीवर ओला राहतो आणि मग त्याला कुबट वास येतो. तिथे ट्रेकिंगवाल्यांचे पातळ, झटकले की वाळणारे शर्ट-पँटच कामाचे. जीन्स तर पावसात आणूच नका. भिजली की जड, वाळायला तीन दिवस, आणि लोकलमध्ये शेजारच्यालाही ओली करते.

म्हणून उन्हाळा असेल तर कपडे इथे येऊन घ्या, पावसाळा असेल तर तिथून आणा. इथे चटकन वाळणारे कपडे मिळत नाहीत असं नाही, पण ते मॉलमध्ये किंवा खेळाच्या मोठ्या दुकानात. सुती कुर्ता मात्र कुठल्याही गावाच्या बाजारपेठेत मिळतो. मापं छातीच्या इंचांत असतात, ३८, ४०, ४२ अशी, त्यामुळे तिकडच्या मीडियम-लार्जवर विसंबू नका, अंगाला लावून बघा. नवे गडद रंगाचे सुती कपडे पहिल्या दोन धुण्यांत रंग सोडतात, ते वेगळेच भिजवा. आणि इस्त्रीची चिंता तुम्ही करायची नाही, ती गल्लीतला इस्त्रीवाला करतो.

डास हाही कपड्यांचाच विषय आहे. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्री पूर्ण बाह्यांचं घालून भागत नाही. फिकट रंगाचा, सैल, लांब बाह्यांचा शर्ट ऊन आणि डास दोघांनाही आवरतो. अंगाला लावायचं ओडोमॉस इथे कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं.

शॉर्ट्स, जीन्स की कुर्ता

मुंबई-पुणे-बंगळुरूत तुम्ही काय घातलंय याकडे कुणी ढुंकून बघत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर तर नाहीच. प्रश्न येतो देवळात, लहान गावात आणि आजीच्या घरी. यांतल्या तिसऱ्याचा निकाल तुम्हीच लावा.

देवळांचे नियम मात्र खरोखर वेगवेगळे आहेत. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात पुरुषांनी मुंडू, म्हणजे कमरेला गुंडाळायचं केरळी धोतर, नेसून, वर उघडं जायचं. बायकांनी साडी नेसायची, नाहीतर चुडीदारवर मुंडू गुंडाळायचा. मुंडू बाहेरच मिळतो, त्यामुळे तो आणण्याची गरज नाही. उज्जैनच्या भस्म आरतीला पुरुषांना धोतर, बायकांना साडी. अमृतसरच्या सुवर्णमंदिरात डोकं झाकलेलं हवं, पाय धुऊन अनवाणी, मोजेसुद्धा काढून. डोक्याला बांधायचा रुमाल तिथे मिळतो. आणि एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही: राणकपूर, दिलवाडा अशा जैन मंदिरांत चामड्याच्या वस्तू आत नेता येत नाहीत. महागडा चामडी पट्टा आणि पाकीट दाराशी काढून ठेवायची वेळ येते. कापडी पट्टा आणा, प्रश्नच मिटला.

बायकांसाठी जीन्सवर कुर्ती हा जोड इतका रुळलेला आहे की त्यात निवड करायला काही उरलेलं नाही. त्यात मोठी ओढणी किंवा स्टोल एकच ठेवा, पण चांगला मोठा. तो गुरुद्वारात डोक्यावर, रिक्षात नाकातोंडावर, एसी डब्यात अंगावर आणि उन्हात खांद्यावर. कुर्ती घेताना खिसा आहे का तेवढं बघा. पूर्वी नसायचाच, आता मागितला की मिळतो.

पायात काय

इथे मी ठाम आहे: तिथूनच आणा. कुर्ता एका मापाने चुकला तर ढगळ दिसतो, बूट चुकला तर तिसऱ्या दिवशी टाचेला फोड आणि सहल हॉटेलात. शिवाय आपल्याकडची मापं साधारण ब्रिटिश धर्तीची, म्हणजे अमेरिकेतलं पुरुषांचं १२ इथे ११ च्या आसपास, आणि त्यापुढची मापं साध्या दुकानात सहसा नसतात.

आता बूट की सँडल? बहुतेक लोक चालायचं खूप म्हणून लेसचे बूट आणतात. चालायचं खूप, हे खरंच. पण भारतात दिवसातून कितीदा चपला काढाव्या लागतात याचा हिशेब ते धरत नाहीत. देऊळ, दर्गा, गुरुद्वारा, नातेवाइकांचं घर, काही दवाखाने, काही दुकानंसुद्धा. प्रत्येक वेळी वाकून लेस सोडायची, मागे रांग खोळंबलेली. म्हणून मागे पट्टा असलेली, जाड तळाची, वेल्क्रोची सँडल हे मुख्य पादत्राण. पायात घट्ट बसते, पाण्यात चालते, एका हाताने निघते. बूट फक्त हिमालयासाठी, किल्ल्यांसाठी, आणि उत्तरेतल्या हिवाळ्यासाठी. सह्याद्रीत पावसाळ्यात चढणार असाल तर तळाचे खाचे खोल असलेलेच. शेवाळलेल्या कातळावर गुळगुळीत तळ म्हणजे घसरगुंडी.

जुन्या मोज्यांचा एक जोड मात्र हाताशी असू द्या. एप्रिलच्या दुपारी देवळाच्या दगडी अंगणात अनवाणी प्रदक्षिणा घालणं म्हणजे तव्यावर चालणं. काही ठिकाणी काथ्याच्या पट्ट्या अंथरलेल्या असतात, पण त्या अंगणभर नसतात. बहुतेक देवळांत मोजे चालतात. ताजमहालच्या मुख्य कबरीशी बुटांवर घालायची कापडी आवरणं लागतात, ती तिथेच मिळतात. शुक्रवारी मात्र ताज बंद.

ट्रॉली की सॅक

विमानतळ ते आत्याचं घर एवढाच प्रवास असेल तर ट्रॉली. पण रेल्वेचे जिने, फुटलेले फूटपाथ, होडीत चढताना मिळालेला अर्धा मिनिट, यात ट्रॉलीची चाकं निरुपयोगी ठरतात. चाळीसेक लिटरची सॅक तिथे बरी. सगळ्यात सोयीचं म्हणजे मोठी बॅग नातेवाइकांकडे ठेवायची आणि फिरायला सॅक घेऊन निघायचं.

वजनाचंही बघा. अमेरिकेहून येताना २३ किलोच्या दोन बॅगा चालतात म्हणून भरून आणल्या, आणि पुढे मुंबई-गोवा विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर तिथे इकॉनॉमीत बहुतेक ठिकाणी १५ किलो आणि हातात ७ किलो एवढंच. वरच्या प्रत्येक किलोचे पैसे. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असला तर बहुधा मूळची मर्यादा चालते. तिकीट काढतानाच विचारा.

बाकीचं थोडक्यात

रोजची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणा. तापाची गोळी, ओआरएस, सॅनिटरी पॅड इथे कोपऱ्यावर मिळतात. टॅम्पॉन लागत असतील तर आणा, लहान गावात मिळत नाहीत.

अमेरिकेतला हेअर ड्रायर आणू नका. आपल्याकडे २३० व्होल्ट, तो ११०-१२० चा, एका फटक्यात जळतो. फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१००-२४०’ लिहिलेलं असलं की तो चालतो, फक्त गोल पिनांचा अडॅप्टर लागतो, आणि तो विजेच्या सामानाच्या दुकानात विमानतळापेक्षा स्वस्त पडतो. ब्रिटनवाल्यांनाही तेवढंच पुरे, तिकडचा दाब जवळपास इथलाच.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे, ती आणूच नका. आणि ट्रेकिंगला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, उपग्रहावर चालणारे फोन आणि संदेश पाठवणारी तसली उपकरणं परवान्याशिवाय आणली तर विमानतळावर पोलिसांशी गाठ पडते. ती घरीच ठेवून या.