क्रूझसाठी केलेली एक्सेल शीट: नऊ महिने आणि दोन प्रवासांनंतर

जानेवारीत अलास्काच्या क्रूझची तयारी सुरू केली, तेव्हा बंदरांवरच्या दिवसांसाठी एक एक्सेल शीट केली. मेमध्ये ती व्हँकुव्हरहून अलास्काला जाताना वापरली आणि सप्टेंबरमध्ये नॉर्वेच्या किनारी बोटीवर. बारा रकान्यांपैकी एकावाचून माझं अडलं असतं: 'बोटीवर परत'. ही बोट सुटायची वेळ नव्हे. सगळ्यांनी चढलेलं असायला हवं ती वेळ, आमच्या बोटीवर अर्धा तास आधीची. दिवस तिथून उलटा मोजत आखायचा.

हे कळलं ते अलास्कातल्या जुनो बंदरात. मेंडेनहॉल हिमनदी गावापासून साधारण वीस किलोमीटर. जायचा-यायचा वेळ धरला होता, परतीच्या बसची रांग धरली नव्हती. एक बस भरून गेली, मग दुसरी. आई गप्प झाली. शेवटी टॅक्सी मिळाली, वेळेत पोचलोही, पण हिमनदीसमोरची शेवटची वीस मिनिटं घड्याळाकडे बघण्यात गेली. त्याचं अजून वाईट वाटतं. बोटीतर्फे घेतलेल्या सहलीला उशीर झाला तर सहसा बोट थांबते. आपलं आपण फिरायला गेलो तर नाही. म्हणून स्कॅगवेची व्हाइट पास रेल्वे बोटीकडूनच घेतली होती. सोन्याच्या शोधात माणसं लोटली त्या काळात, १८९८ मध्ये कामाला सुरुवात होऊन १९०० मध्ये पूर्ण झालेली ही अरुंद लाइन. त्या दिवशी मी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही.

घड्याळावरून आठवलं. अलास्का व्हँकुव्हरच्या एक तास मागे. फोन आपोआप वेळ बदलतो, पण चालते ती बोटीची वेळ. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते बोटीच्या वेळेला लावून ठेवा.

निघायच्या आदल्या दिवशीच शहरात पोचा, यात तडजोड नको. व्हँकुव्हरला विमानतळावरून कॅनडा लाइनची ट्रेन थेट वॉटरफ्रंटला आणते, तिथून कॅनडा प्लेसचा धक्का चालत. आम्ही दुपारभर स्टॅन्ली पार्कच्या समुद्राकाठच्या वाटेवर होतो. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळ मोकळीच ठेवली, कारण अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी बोटीवर चढण्याआधी तिथेच होते. मोठ्या बॅगा केबिनमध्ये उशिरा येतात. औषधं हातातल्या पिशवीत हवीत.

नॉर्वेत शीट तोकडी पडली. बर्गन ते किर्कनेस ३४ बंदरं, आणि काही ठिकाणी बोट जेमतेम पंधरा मिनिटं थांबते. प्रत्येक बंदराला एक ओळ देऊन मी उगाच पसारा मांडला. पुरेसं होतं ते एवढंच: जाताना रात्री लागणारी बरीच बंदरं परतीला दिवसा लागतात, तेव्हा दोन्ही फेऱ्यांच्या वेळा शेजारी लिहून काढायच्या.

ओलेसुंडला अक्स्ला टेकडीच्या ४१८ पायऱ्यांचा वेळ मी माझ्या वेगाने धरला होता. आई निम्म्यावर बसली. वर गाडीरस्ताही जातो, ते मी शोधलंच नव्हतं. आता शीटमध्ये तेरावा रकाना आहे, 'आईचा वेग', आणि तो मी सगळ्यात आधी भरते.