इस्तंबूलमध्ये एकच दिवस: ग्रँड बझार की कादिकॉय?

विमान बदलताना इस्तंबूलला मधे एक दिवस मिळतो, किंवा टूरमधला एक दिवस मोकळा सोडलेला असतो. तेव्हा बहुतेकांपुढे दोन बेत असतात. एक, सुलतानअहमत या जुन्या भागातली स्मारकं बघून ग्रँड बझारमध्ये खरेदी. दुसरा, एमिनॉनू या बोटींच्या धक्क्याजवळचा मसाला बाजार करून बोटीने आशियाच्या काठावर कादिकॉयला जाणं. दोन्ही एका दिवसात कोंबता येतात, पण मग कुठेच धड थांबणं होत नाही.

आधी वार बघा, निम्मा निर्णय तिथेच होतो. रविवारी ग्रँड बझार बंद. मंगळवारी तोपकापी राजवाडा बंद. शुक्रवारी दुपारची नमाज उरकेपर्यंत निळ्या मशिदीत पर्यटकांना प्रवेश नाही. मसाला बाजार मात्र रविवारीही उघडा असतो. त्यामुळे रविवार असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, सरळ बोट पकडा.

सुलतानअहमतला सगळं चालण्याच्या अंतरावर आहे. आया सोफिया, समोर निळी मशीद आणि जवळच 336 खांबांचा भूमिगत जलाशय. 537 साली चर्च म्हणून बांधून झालेली आया सोफिया 2020 पासून पुन्हा मशीद आहे. 2024 पासून परदेशी पर्यटकांना 25 युरोचं तिकीट काढून फक्त वरच्या सज्जात जाता येतं, खालचं दालन वरूनच बघायचं. एवढ्या पैशात एवढंच, असं वाटेल, पण तेराव्या शतकातलं ख्रिस्ताचं प्रसिद्ध मोझेक त्याच सज्जात आहे. खालचा बराचसा भाग गळून गेलाय, चेहरे मात्र शाबूत आहेत. निळ्या मशिदीला तिकीट नाही. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी, दोन्हीकडे लागते.

ग्रँड बझार पंधराव्या शतकातला. साठेक गल्ल्या, चार हजारांच्या आसपास दुकानं. दिवे, गालिचे, चिनीमाती, चामडं असं सगळं आहे, पण दहाव्या दुकानात पुन्हा तेच दिवे दिसतात. भाव चढवूनच सांगतात आणि वर चहा पाजतात. चहा प्यायलात म्हणून काही घ्यायलाच हवं असं नाही, निवांत प्या आणि उठा. सोनं घ्यायचं असेल तर सोन्याचा दिवसाचा भाव ठरलेला असतो, घासाघीस करायची ती घडणावळीवर. गालिचा एका दिवसाच्या घाईत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत. त्याची पारख करायला वेळ लागतो, आणि नेमका तोच आपल्याकडे नसतो.

आता दुसरा बेत. मसाला बाजार 1660च्या दशकातला, शेजारच्या नव्या मशिदीचा खर्च भागावा म्हणून बांधलेला. आत ढीग लावून विकतात ते ‘तुर्की केशर’ नीट बघा: पाकळ्या नारिंगी, सुट्या आणि फारच स्वस्त. ती करडईची फुलं. खरं केशर ढिगाने कोणी मांडत नाही. मिठाईत पिस्त्याचं लोकुम घ्या, आधी चाखायला मागा आणि प्रवासासाठी ‘वाकुम’ म्हणा, पाकिटातली हवा काढून बंद करून देतात. मला स्वतःला आतल्यापेक्षा बाहेरची हसरजलार गल्ली जास्त आवडते, कारण तिथे इस्तंबूलकर स्वतः खरेदी करतात. 1871 पासूनच्या कॉफीच्या दुकानाची रांग तिथेच दिसेल. त्याच गल्लीत दुकानांच्या वर, जिना चढून, ऑटोमन काळातला नामांकित वास्तुकार सिनान याने बांधलेली रुस्तेम पाशा मशीद आहे. इझनिक या गावच्या निळ्या नक्षीदार फरशांनी भिंती भरलेल्या, आणि गर्दी निळ्या मशिदीच्या मानाने काहीच नाही.

एमिनॉनूहून कादिकॉयची बोट साधारण वीस मिनिटांची. ट्राम-बससाठीचं शहराचं कार्ड, इस्तंबूलकार्ट, तिथेही चालतं, त्यामुळे बॉस्फरस सामुद्रधुनीच्या वेगळ्या सफरीचे पैसे वाचतात, आणि तोपकापी, आया सोफियाचे घुमट पाण्यावरून फुकट दिसतात. कादिकॉयच्या बाजारात स्मरणवस्तू कमी आणि खाणं जास्त: ऑलिव्ह, चीज, मासळी, लोणची. भावाच्या पाट्या लावलेल्या असतात, त्यामुळे घासाघीस करायचा कंटाळा असणाऱ्यांना इथे हायसं वाटेल. लोणच्याच्या दुकानात खारं-आंबट पाणी पेल्यातून देतात, एकदा पिऊन बघाच. शाकाहारी माणसाची इथे उपासमार होत नाही, फक्त मासळीच्या गल्लीतून नाक दाबून जावं लागेल.

पहिल्यांदाच येत असाल, इमारतींची ओढ असेल, सोबत आईवडील असतील, तर सुलतानअहमत. तिथे ट्राम दाराशी आहे आणि बसायला बाकं भरपूर. खाण्यापिण्याची हौस असेल, खरेदी घरच्यांसाठी खाऊ आणण्यापुरतीच असेल, तर कादिकॉय. मला निवडायला सांगाल तर मी बोटीतच बसेन.

आणि दोन्ही करायचा हट्टच असेल, तर आया सोफिया सकाळी उघडताच उरका, ग्रँड बझार तासाभरात आटपा आणि महमूतपाशाच्या उताराने चालत एमिनॉनूला उतरा. लग्नाचे कपडे घ्यायला स्थानिक लोक याच रस्त्यावर येतात. उलटा क्रम मात्र लावू नका, पिशव्या घेऊन तो चढ जीव काढतो.