पिशवीवर छापलेलं 250 जीएसएम, काट्यावर भरलेलं 150

सोयाबीनचा हंगाम तोंडावर आलाय, म्हणून पिकअपवाल्यांसाठी आणि त्यांच्या गाडीत माल घालून मोंढ्यावर पाठवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हे लिहितोय. लातूर-अंबाजोगाई पट्ट्यात रस्त्याकडेला टेम्पो लावून ताडपत्री, दोर, पट्टे विकणारे फिरत असतात. सगळेच लबाड नसतात. मला गाठ पडली तो होता.

त्याची पद्धत नीट ऐका. "प्रदर्शनातला राहिलेला माल हाय मामा, परत न्यायचं भाडं परवडंना." भाव बाजारापेक्षा थोडकाच कमी. निम्म्या किमतीत देतो म्हणाला असता तर कुणीही दोन पावलं मागं सरकलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक. हातात वीतभर तुकडा दिला. ओढा म्हणाला, दातानं फाडून बघा म्हणाला. तुकडा खरंच जाड होता. मग टेम्पोतून सीलबंद पिशवी निघाली. तिच्यावर 250 जीएसएम (कापड किती वजनदार त्याचा आकडा), 18 बाय 12 फूट, यूव्ही (म्हणजे उन्हात टिकणारी) वगैरे सगळं झोकात छापलेलं. उघडून दाखव म्हटलं तर, "सील फुटलं की दुसरं गिऱ्हाईक हात लावत नाय मामा." वर माल आवळून बांधायचे दोन रॅचेट पट्टे फुकट. पावती म्हणजे वहीचा फाडलेला कागद, त्यावर एक आकडा आणि मोबाईल नंबर.

परतीच्या पावसानं रेणापूरच्या अलीकडे गाठलं. हौद्यात कट्टे, ताडपत्री चारी बाजूंनी हुकांना बांधलेली. वाऱ्यानं एक पदर उचलला आणि कोपऱ्यातल्या रिंगा कापडातून सरळ उपटून निघाल्या. चांगल्या ताडपत्रीच्या काठात आत दोर घातलेला असतो, कोपऱ्याला जादा थर असतो. इथं काठ नुसता दुमडून चिकटवला होता. वरचे कट्टे भिजले. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याचा निकष 12 टक्के. आडतीवर मीटर नाही लावलं तरी ओला दाणा मुठीत कळतो आणि बोली तिथंच घसरते. शेतकऱ्याचा फरक माझ्या भाड्यातून गेला.

आडत्यानं ताडपत्री बघितली आणि म्हणाला, "जरा काट्यावर टाका की ती." तिथं सगळा खेळ उघडा पडला.

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, एवढंच. 18 गुणिले 12 म्हणजे 216 चौरस फूट. एका चौरस मीटरचे पावणेअकरा चौरस फूट होतात, म्हणजे ही झाली साधारण 20 चौरस मीटर. 250 ग्रॅमनं गुणलं की वजन 5 किलो भरायला हवं. काट्यावर भरलं 2 किलो 600. टेप लावली तर माप निघालं 17 बाय 11. एक एक फूट दोन्हीकडून गायब! काठ दुमडण्याआधीचं कच्चं माप छापायची खोड बऱ्याच ठिकाणी असते, पण दुमडण्यात एवढं जात नाही. खरं क्षेत्र धरलं तर कापड 150 जीएसएमचं. तो हातात दिलेला तुकडा दुसऱ्याच ताडपत्रीचा होता.

म्हणून ताडपत्री घेताना दुकानदाराला काट्यावर ठेवायला सांगा. लांबी-रुंदी फुटात गुणा, 10.76 नं भागा, जीएसएमनं गुणा, ग्रॅममध्ये वजन मिळतं. मोबाईलवर मिनिटभराचं काम आहे. काटा नाही म्हणत असेल तर जवळच्या किराणा दुकानात असतोच. यूव्हीचं मात्र काट्यावर कळत नाही, ते मराठवाड्याचा मे महिना सांगतो. तोवर बिल नसेल तर भांडायचं कुणाशी?

आता फुकटचे पट्टे. त्यावर "5 टन" लिहिलेलं. मुळात हा आकडा बऱ्याचदा पट्टा तुटतो त्या ताणाचा असतो, बांधून वापरायची क्षमता त्याहून बरीच कमी असते. ती चांगल्या पट्ट्याच्या शिवलेल्या लेबलवर एलसी या अक्षरांपुढं दिलेली असते. या पट्ट्यांना लेबलच नव्हतं. माल पॉलिएस्टरचा म्हणून सांगितला होता, म्हणून टोकाचा तुकडा कापून बादलीत दाबून सोडला. पॉलिएस्टर पाण्यात बुडतं, पॉलिप्रोपिलीन तरंगतं. आमचा तुकडा मस्त तरंगत होता. ते पट्टे आता घरी सरपणाची मोळी बांधायला आहेत, लोखंडी पाइप बांधायला मी ते लावणार नाही.

तक्रारीचं विचाराल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाची तक्रार चालत नाही असं काही जण सांगतात, ते अर्धवट आहे. स्वतः राबून पोट भरण्यासाठी, म्हणजे स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकच ठरतो. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला शुल्कही नाही. पाकीटबंद मालावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि कमाल किंमत छापणं बंधनकारक आहे. ते नसेल तर वैधमापनशास्त्र (वजन-मापांच्या) विभागाकडेही जाता येतं.

माझ्या पिशवीवर जीएसएम तीन ठिकाणी छापलेलं होतं आणि पत्ता एकाही ठिकाणी नव्हता. मोबाईल नंबर तेव्हापासून बंद लागतो. तक्रार अर्जात विरुद्ध पक्षाचा पत्ता हा रकाना मोकळाच आहे.