टपालाने आलेली राणी की पेटीतच घडलेली?

मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या पेटीतली राणीमाशी मेली, तर फलित (नराशी मीलन झालेली) राणी टपालाने मागवावी की कामकरी माशांनाच पेटीतल्या ताज्या अंड्यांतून नवी घडवू द्यावी, हे मराठवाड्यात ऋतू पाहूनच ठरवावे लागते. पेटीतली राणी अंड्यापासून १६ दिवसांत बाहेर पडते. मात्र तिचे मीलन होऊन नवी अंडी दिसेपर्यंत जवळपास महिना जातो आणि तेवढ्यात करडईचा फुलोरा ओसरतो. टपालाची राणी, ती ज्या छोट्या पिंजऱ्यातून येते त्याच्या तोंडाशी लावलेली पिठीसाखर-मधाची गोळी माशांनी कुरतडली की, बाहेर येते व काही दिवसांतच अंडी घालू लागते. तरीही लातूरच्या मे महिन्यात, पारा ४० अंशांवर असताना, तिला तापलेल्या पार्सलगाडीतून आणवणे मला जुगारच वाटते. तेव्हा पेटीत ताजी अंडी आणि परिसरात नर असतील, तर वाट पाहिलेली बरी.