चार ऑस्कर, कोरडा फिल्टर आणि 41,850 रुपये

पुण्यात घरी येऊन माशांची टाकी बसवून देणाऱ्या आणि वर्षभराच्या साफसफाईचे पैसे आगाऊ घेणाऱ्या एका गृहस्थाने मला 41,850 रुपयांना बुडवले. आगाऊ रक्कम घ्यायची आणि मग फोन बंद करायचा, हा प्रकार कोणाला नव्याने सांगायला नको. पण बावीस वर्षे दुसऱ्यांची व्हाउचरे तपासणाऱ्या माणसाने बिलाशिवाय पैसे दिले, हे लिहिताना आजही लाज वाटते.

तीन फुटी टाकी स्टँडसह 14,500, टाकीबाहेर बसणारा कॅनिस्टर फिल्टर 9,800, जिवाणूंच्या द्रावणाच्या तीन बाटल्या 2,550, चार ऑस्कर मासे 1,800 आणि वार्षिक देखभाल 12,000. उरलेले 1,200 कसे गेले, ते पुढे येईलच.

मी अगदीच अडाणी नव्हतो. ऑस्कर खादाड असतो, खाद्याच्या गोळ्या (पेलेट) चावताना त्यांचा निम्मा चुरा कल्ल्यांतून बाहेर उधळतो आणि पाणी घाण करतो, हे मला ठाऊक होते. नव्या टाकीत माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, हेही मी वाचले होते. त्याने नेमके तेच हेरले. ‘साहेब, माझ्या चालू टाकीतला मीडिया तुमच्या फिल्टरमध्ये घालतो, टाकी पहिल्या दिवसापासून तयार,’ असे तो म्हणाला. मीडिया म्हणजे फिल्टरच्या आतल्या रिंगा वगैरे, ज्यांवर हे जिवाणू वाढतात. असे खरोखर करता येते, म्हणूनच मी भुललो.

बसवायच्या दिवशी त्याने माझ्यासमोर फिल्टरचे झाकण उघडले, तेव्हा आतल्या सिरॅमिकच्या रिंगा पांढऱ्याशुभ्र आणि ठणठणीत कोरड्या होत्या. एक उचलून पाहिली तर बोटांना खडूसारखी पूड लागली. चालू टाकीतला मीडिया ओला, तपकिरी आणि बुळबुळीत असतो. मी ती पूड पाहिली, बोटे पँटला पुसली आणि त्याला चहा विचारला. मुलगी माशांच्या पिशव्या हातात धरून उभी होती, त्या क्षणी वाद घालणे मला बरे वाटले नाही. आज ती पूड आठवली की स्वतःचाच संताप येतो.

पाचव्या दिवशी पाणी ताकासारखे झाले आणि मासे वर येऊन धापा टाकू लागले. ‘पाणी सेट होतंय,’ एवढेच उत्तर मिळाले. सातव्या दिवशी तो आला, सगळा मीडिया बेसिनच्या नळाखाली खळखळून धुतला, म्हणजे जे काही जिवाणू धरले असतील तेही क्लोरीनच्या पाण्याने मारले, आणि 1,200 रुपयांचे ‘पाणी स्वच्छ करणारे’ औषध देऊन गेला. मीडिया धुवायचाच असेल, तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच विसळावा. नवव्या दिवशी एक मासा मेला, अकराव्या दिवशी दुसरा आणि त्यानंतर त्याचा फोन कधी लागलाच नाही.

फिल्टरवर ताशी 1,200 लिटर असे छापले होते. वीस लिटरची बादली भरायला त्याला दोन मिनिटे लागली, म्हणजे ताशी 600. बादली आणि मोबाइलमधले घड्याळ एवढ्यावर हे पहिल्याच दिवशी कळले असते, तुम्ही तरी मोजा. अमोनियाचा टेस्ट किट आधी घ्या, मासा नंतर. देखभालीचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. आणि वाढला की फूटभर होणारे चार मासे 190 लिटरच्या टाकीत जो विकतो, त्याला घरातच घेऊ नका.

पोलीस चौकीत ‘दोन माशांसाठी एफआयआर करायचा का, साहेब?’ म्हणून हसले आणि प्रकरण दिवाणी असल्याचे सांगून मला वाटेला लावले. 1930 या सायबर हेल्पलाइनवर सांगण्यात आले की पैसे मी समोरासमोर, स्वखुशीने दिले असल्याने हा सायबर गुन्हा नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, ती तीन आठवड्यांनी ‘विक्रेत्याचा प्रतिसाद नाही’ या शेऱ्यासह बंद झाली. प्रतिसाद देणारा विक्रेता असता, तर मी तक्रार कशाला केली असती? पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, ही कामाची गोष्ट या तिघांपैकी एकानेही सांगितली नाही, ती मला स्वतः शोधावी लागली.

यूपीआयच्या नोंदी, मेसेज आणि कोरड्या रिंगांचा मुलीने सहज काढलेला फोटो जोडून आयोगासाठीचा अर्ज तयार केला आहे. बाटल्यांवर उत्पादनाची तारीख आणि निर्मात्याचा पत्ता, दोन्ही जागा कोऱ्या आहेत. अशीच बाटली तुमच्या घरी असेल, तर फेकू नका, मला कळवा. अर्ज दोघांनी मिळून करता येईल.