कासच्या फुलांचा फोटो: रेखीव की मऊ?

सप्टेंबरात कास पठारावर सीतेची आसवं आणि सोनकी एकाच वेळी फुललेली दिसतात, पण दोघींना एकच फोकस मानवत नाही.

सीतेची आसवं म्हणजे जेमतेम सेंटिमीटरभराचं जांभळं फूल. पसरट पाकळी, मागची इवलीशी शेपटी हे सगळं स्पष्ट दिसलं तरच फोटोला अर्थ. ओळख पटवायची असेल तर रेखीव फोकसला पर्यायच नाही. मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून टिपणारी लेन्स) इतक्या जवळून एफ/११ ठेवलं, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान केलं, तरी काही मिलिमीटरच रेखीव येतात, म्हणून कॅमेरा फुलाला समांतर धरावा. छिद्र आणखी लहान करत एफ/२२ पर्यंत जायचा मोह टाळा: विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, बारकावे उलट पुसट होतात. त्यात पठारावरचा वारा! शटर वेगवान ठेवायचं तर आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवावाच लागतो.

सोनकीचं वेगळं. एकेक फूल टिपण्यात मला फारशी मजा वाटत नाही; तिचा पिवळा पसाराच खरा. एफ/२.८ (छिद्र मोठं), कॅमेरा जमिनीलगत, पुढची फुलं लेन्ससमोर विरघळलेली. (फुलांवर लोळू मात्र नका, वाटेच्या कडेवरूनही जमतं.) निदान एका फुलाचा मध्य तरी नेमका हवा, नाहीतर तो मऊ फोटो नव्हे, नुसता चुकलेला.

जुन्या सॉफ्ट-फोकस लेन्समध्ये रेखीव प्रतिमेभोवती प्रकाशाचं वलय मुद्दाम राखलेलं असे. कासला धुकं उतरलं की त्याच्या जवळपास जाणारा परिणाम फुकटात मिळतो. सॉफ्टवेअरमध्ये नंतर चढवलेला मऊपणा मला बहुतेकदा मेणचट वाटतो.