परराष्ट्र धोरणावर शहराचा नुसता ठराव की पैशाचा नियम?

परराष्ट्र धोरणावर भूमिका घ्यायची तर अमेरिकेतल्या नगरपरिषदांपुढे दोन वाटा असतात: नुसता ठराव, किंवा सरकारी खरेदी आणि गुंतवणुकीवर बंधन घालणारा पैशाचा नियम. ठराव सोपा. शिकागोत 31 जानेवारी 2024 रोजी गाझातल्या युद्धविरामाचा ठराव 23-23 अशी बरोबरी झाल्यावर महापौरांच्या मताने मंजूर झाला. पण तो कुणावरही बंधनकारक नाही.

पैशाचा नियम खरा बोचतो, आणि कोर्टात अडकतोही. मॅसॅच्युसेट्स राज्याने 1996 मध्ये सरकारी खरेदीत म्यानमारशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांच्या निविदा 10 टक्के चढ्या धरायचा कायदा केला. त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, म्यानमारवर स्वतःचे निर्बंध आणले. त्यांच्याशी विसंगत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये राज्याचा कायदा रद्द केला. उलट, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या गुंतवणुकीतून निवृत्तिवेतन निधी काढायचा बाल्टिमोरचा नियम मेरीलँडच्या न्यायालयात 1989 मध्ये टिकला. म्हणून नियमच करावा, पण आधी संघराज्याचा कायदा तपासून, आणि स्वतःच्या गुंतवणुकीपुरताच.